ब्लॅनफर्डची घुबडं : अनुवादाची प्रस्तावना

ही पुस्तिका म्हणजे १८९५ साली लंडनला छापलेल्या एका जाडजूड प्राणिग्रंथातल्या घुबडांच्या प्रकरणाचा मराठी अनुवाद आहे. मूळ ग्रंथ ‘द फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतला, पक्ष्यांवरचा तिसरा खंड. लेखक विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड. एवढं जुनं, तेही संदर्भग्रंथातलं आणि तेही घुबडांविषयीचं लिखाण आज मराठीत कशासाठी आणायचं, असा प्रश्न वाचकाला पडेल. प्रकाशकांनाही पडला होता. त्यांना तोंडी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

खानदेशातल्या एका जुन्या वाचनालयात निर्लेखन चाललं होतं, तिथे हा खंड मला मिळाला. वाचनालयांत दर काही वर्षांनी फाटकी, वाळवी लागलेली, कुणी मागत नाही अशी पुस्तकं बाजूला काढतात, दाखल नोंदवहीत त्यांच्यापुढे लाल शाईने ‘रद्द’ लिहितात आणि ढीग रद्दीवाल्याला देतात. या खंडाची कापडी बांधणी सुटत आली होती, पण आतला कागद भक्कम होता. मधल्या काही पानांच्या कडा तर जोडलेल्याच होत्या. त्या काळी पुस्तकाची पानं वाचकाने सुरीने कापून मोकळी करायची असत. घुबडांचं प्रकरण त्या न कापलेल्या पानांत येत होतं. म्हणजे हे पुस्तक विकत घेतलं गेलं, दाखल झालं, कपाटात राहिलं, पण घुबडांपर्यंत कुणीही पोचलं नव्हतं. ग्रंथपालबाईंनी रीतसर पावती करून खंड मला दिला. ‘इंग्रजी आहे, आणि त्यात चित्रंही फारशी नाहीत,’ असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

चित्रं खरोखरच फार नाहीत, आणि गोष्टी तर अजिबात नाहीत. संदर्भग्रंथ हा वाचायचा नसून बघायचा असतो, असं आपण धरून चालतो. ब्लॅनफर्डचं पान बघितलं की ते पटतंही. वर शास्त्रीय नाव. खाली त्या पक्ष्याला कुणी, कधी, कुठल्या पुस्तकात कोणत्या नावाने नोंदवलं याची आडवी यादी. मग देशी नावं, रोमन लिपीत आणि साहेबी कानांना जशी ऐकू आली तशी. मग रंग, मापं इंचांत, डोळ्यांचा नि चोचीचा रंग, प्रदेश आणि शेवटी सवयींबद्दल चार ओळी. सगळं सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं: कोरडं, ठरलेल्या रकान्यांचं, आणि ज्याला वाचता येतं त्याला घराण्याची सगळी भांडणं सांगणारं.

ब्लॅनफर्डचा पिंड पक्षितज्ज्ञाचा नव्हता. तो भूगर्भशास्त्रज्ञ. १८५५ साली भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागात आला आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्याने हा देश पायी आणि घोड्यावरून पालथा घातला. तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांच्या भूगर्भावरचा त्याचा ग्रंथ १८६९ चा आहे, म्हणजे खानदेशची काळी माती त्याने स्वतः तुडवलेली होती. त्याचा भाऊ हेन्री हा हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख. एका भावाने जमीन मोजली, दुसऱ्याने आभाळ. ‘फॉना’ मालेचा संपादक म्हणून ब्लॅनफर्डने पक्ष्यांचं काम यूजीन ओट्स या ब्रह्मदेशात नोकरी करणाऱ्या गृहस्थांकडे दिलं होतं. १८८९ आणि १८९० मध्ये दोन खंड काढून ओट्सना नोकरीवर परतावं लागलं आणि उरलेले दोन खंड संपादकाच्याच गळ्यात पडले. दगड वाचणाऱ्या माणसाने पक्षी लिहिले, त्याचा फायदा असा झाला की पाहिलं काय आणि ऐकलं काय यांतलं अंतर तो कधी विसरत नाही. दुसऱ्याची माहिती देताना तो त्याचं नाव देतो. ‘म्हणतात’, ‘आढळतो असं दिसतं’ असली मोघम वाक्यं त्याच्याकडे कमी.

घुबडं ओळखायला तो सुरुवात करतो ती चेहऱ्यापासून नव्हे, हाडं आणि नखं यांपासून. गव्हाणी घुबडाच्या मधल्या बोटाचं नख उलटं करून बघितलं तर आतल्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते दिसतात. या दात्यांवर आणि छातीच्या हाडाच्या घडणीवर गव्हाणी घुबडांचं कूळ बाकीच्यांपासून वेगळं पडतं. पुढच्या पायऱ्यांवर पाय पिसांनी झाकलेला आहे की उघडा, डोक्यावर पिसांची शिंगं आहेत की नाहीत, असे प्रश्न येतात. शृंगी घुबडाच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. मत्स्य घुबडाचे पाय उघडे आणि तळव्यांना टोकदार खवले, कारण त्याला पाण्यातला निसरडा मासा धरायचा असतो. हातात मेलेला पक्षी असल्याशिवाय या किल्लीचा काही उपयोग नाही, हे उघड आहे. दुर्बीण सर्वांच्या गळ्यात येण्याआधीचं हे शास्त्र आहे. बंदूक आधी, नाव नंतर. आज आपल्याला ते क्रूर वाटतं आणि होतंही. पण त्या बंदुकीमागून जी चिठ्ठी पक्ष्याच्या पायाला बांधली जाई, तिच्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे.

घुबडांविषयी ब्लॅनफर्डला जे ठाऊक असणं शक्यच नव्हतं, ते मी टिपांमध्ये दिलं आहे. त्यातलं सर्वांत मोठं म्हणजे कानांचं प्रकरण. गव्हाणी घुबडाचे दोन कान एका पातळीत नसतात, एक थोडा वर आणि एक थोडा खाली असतो. एकाच आवाजाची दोन कानांतली जोराची आणि वेळेची तफावत जुळवून ते अंधारात उंदराची जागा ठरवतं. रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर ठार अंधाऱ्या खोलीत, जमिनीवर पाला पसरून हे सिद्ध केलं. पुढे याच पेनने देवमाशांची गाणी जगाला ऐकवली. घुबडाचं बिनआवाजाचं उडणं, पंखाच्या पुढच्या कडेची झालर, खोबणीत न हलणारे नळकांड्यासारखे डोळे आणि म्हणून पाऊण वर्तुळ फिरणारी मान, हे शाळेच्या पुस्तकांतही आता आलं आहे. त्यावर इथे वेळ घालवत नाही.

दुसरी एक गोष्ट ब्लॅनफर्डला ठाऊक असण्यासारखी होती, पण त्याने ती फारशी मनावर घेतली नाही: माणसं या पक्ष्याशी कशी वागतात. आपल्याकडे लहानपणी ऐकलेलं असतं की घुबडाला दगड मारू नये. मारलाच तर ते तो दगड उचलून नदीवर नेतं, पाण्यात घासत बसतं आणि दगड जसजसा झिजेल तसतसा मारणारा झिजतो. मला ही समजूत मनापासून आवडते. भीतीपोटी का होईना, हजारो पोरांचे हात तिने आवरले असतील. घुबड घरावर ओरडलं की कुणीतरी जाणार, ही त्याच समजुतीची वाईट बहीण, आणि तिच्यामुळे पिलांसकट ढोल्या जाळल्या गेल्या आहेत. एकाच गावात एक माणूस घुबडाला अशुभ म्हणून हाकलतो आणि दुसरा पहाटे कंदील घेऊन दारात आलेल्या पिंगळा जोशाला सुपातून धान्य घालतो, कारण त्याला पिंगळ्याची भाषा कळते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री वडाखाली पडलेला असताना घुबडाने झोपलेल्या कावळ्यांची कत्तल केलेली पाहतो आणि पांडवांच्या छावणीवर झोपेत घाला घालायचं तिथे ठरतं. लक्ष्मीचं वाहनही हेच. त्या वाहनपदाचा घुबडाला काय उपयोग झाला, ते अबरार अहमद यांनी ट्रॅफिक इंडिया या वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेसाठी केलेल्या २०१० च्या अहवालात वाचावं. देशातल्या तीसेक जातींपैकी पंधरा जाती बाजारात विकल्या जाताना नोंदल्या गेल्या होत्या आणि दिवाळीच्या आसपास मांत्रिकांकडून मागणी चढत होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा अनुवाद हाती घेतला तो खरं तर या प्रकरणातल्या एका छोट्या नोंदीपायी. रानपिंगळ्याच्या.

आपल्या घराजवळच्या चिंचेवर, वडावर, जुन्या वाड्याच्या भिंतीत असतो तो साधा पिंगळा. मुठीएवढा, करड्या तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, संध्याकाळ झाली की चिरचिर भांडण. रानपिंगळा त्याच्याएवढाच, वरवर तसाच. पण नीट बघितलं तर त्याच्या कपाळावर ठिपके जवळजवळ नसतात आणि पाठही बरीचशी कोरी. डोकं आणि चोच अंगाच्या मानाने थोराड. पायांवर दाट पांढरी पिसं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोट पांढरं स्वच्छ. आणि तो दिवसा वावरतो. थंडीच्या सकाळी सागाच्या निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतो, शेपटी झटकतो आणि पालीसरडे टिपतो.

हा पक्षी शास्त्राला पहिल्यांदा कळला तो १८७२ च्या डिसेंबरात. एफ. आर. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला तो आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात मिळाला. त्याचं वर्णन १८७३ मध्ये छापलं अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमने, आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात, आणि ब्लेविटचं नाव पक्ष्याला दिलं. होय, तोच ह्यूम. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागचा. राजकारणात शिरण्याआधी तो हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा संग्राहक होता. सिमल्याच्या त्याच्या बंगल्यात पक्ष्यांची हजारो कातडी कपाटांत लावलेली होती आणि सगळ्या हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहायची तयारी वर्षानुवर्षं चालली होती. एकदा तो बाहेरगावी असताना घरातल्या नोकराने त्या ग्रंथाची हस्तलिखितं बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. ह्यूमचं पक्ष्यांवरचं मन उडालं ते कायमचं. त्याने ऐंशी हजारांहून अधिक नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो ग्रंथ झाला असता तर ब्लॅनफर्डला हा खंड लिहावा लागला नसता असं म्हणवत नाही, पण त्याचं काम सोपं नक्कीच झालं असतं.

रानपिंगळ्याचे खरे शेजारी मात्र खानदेशचे निघाले. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी, पश्चिम खानदेशात नेमणुकीला. जमाबंदीच्या दौऱ्यांत पक्षी गोळा करणं हा त्याचा छंद. १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत त्याला शहाद्याच्या आसपास हा पक्षी पुन्हा पुन्हा मिळाला. पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची त्याची यादी ह्यूमच्याच नियतकालिकात आली. नंतर डेव्हिडसन कारवारकडे गेला, तिथे फुलपाखरांमध्ये रमला, आणि १८८४ नंतर रानपिंगळ्याची पक्की नोंद कुणीही केली नाही. ब्लॅनफर्डने १८९५ मध्ये लिहिलं तेव्हा जगातल्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे मोजके नमुने होते. आजही जुन्या काळचे म्हणून सातच मोजले जातात. त्याने जे होतं तेवढं लिहिलं: वर्णन, मापं, ठिकाणं, गोळा करणाऱ्यांची नावं. शोभेला काही जोडलं नाही.

पुढचे जोडणारे आले. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हा ब्रिटिश लष्करातला नामांकित अधिकारी, शिकारी, हेर आणि पक्षिसंग्राहक. त्याच्या संग्रहातले वीस हजार नमुने १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आले. त्यांत एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: तापीकाठचं मांडवी, १९१४. मांडवी म्हणजे सुरत जिल्ह्यातलं, म्हणजे आधीच्या सगळ्या ठिकाणांच्या पश्चिमेला, आणि विसाव्या शतकातला एकुलता एक पुरावा. साहजिकच ही नोंद नंतरच्या लिखाणातून, याद्यांमधून फिरत राहिली. ज्याला रानपिंगळा शोधायचा त्याने १९१४ हे शेवटचं साल आणि मांडवी हे शेवटचं गाव धरायचं. सलीम अलींचे सहलेखक डिलन रिप्ली यांनी या पक्ष्याचा शोध घेऊन १९७६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यावर लिहिलं. पक्षी मिळाला नव्हता. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून कुणी छायाचित्रं काढली, कुणी दिसल्याचं सांगितलं, पण ती सगळी साध्या पिंगळ्याची निघाली. पक्षी नामशेष झाला असं मानणारेही वाढत गेले.

अमेरिकेतल्या पामेला रास्मुसेन या भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ तयार करत होत्या. त्यांनी निगेल कॉलर यांच्यासह माइनर्ट्‌झहागेनचा नमुना तपासायला घेतला. पक्ष्याचा नमुना करताना कातडी सोलायची, आत कापूस किंवा ताग भरायचा, टाके घालायचे आणि पंख-पाय बसवायचे. हे प्रत्येक माणूस आपापल्या हाताने करतो. कुणी मान आखूड भरतो, कुणी चरबी नीट खरवडत नाही म्हणून पोटाला पिवळे डाग पडतात, कुणाचे टाके लांब, कुणाचे जवळ. जुन्या दप्तरात कारकुनाचं अक्षर ओळखू येतं तसा नमुन्यातला हात ओळखू येतो. क्ष-किरण काढले, शिवण आणि भरण तपासलं, तेव्हा दिसलं की मांडवीचा म्हणून दाखवलेला पक्षी मुळात डेव्हिडसनच्या हातचा, खानदेशातला. त्या संग्रहालयातूनच तो उचलला होता, उसवून नव्याने भरला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. याच माणसावर १९१९ मध्ये त्या संग्रहालयाच्या पक्षिदालनात काही काळ बंदी होती, नमुने परवानगीशिवाय बाहेर नेल्यावरून. तरीही त्याचा दिमाखच असा की पुढे कित्येक वर्षं कुणी उघड बोललं नाही. रास्मुसेन आणि कॉलर यांचा रानपिंगळ्यावरचा लेख १९९९ मध्ये ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात आला.

खोटी नोंद गेली की खऱ्या नोंदी मोकळ्या होतात. मांडवी आणि १९१४ पुसल्यावर उरलं काय? ब्लॅनफर्डने १८९५ मध्ये दिलं होतं तेवढंच. लेख छापून येण्याआधीच रास्मुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात हीच जुनी ठिकाणं घेऊन निघाले. पूर्वेकडच्या जुन्या जागा त्यांनी आधी पाहिल्या. तिथे काही मिळालं नाही. मग शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, उन्हात, उघड्या फांदीवर तो बसलेला होता. कपाळ कोरं, पाय पांढरे, शेपटीला रुंद पट्टे. डेव्हिडसननंतर ११३ वर्षांनी. चित्रफीत आणि छायाचित्रं घेतली, पक्षी आपला बसून राहिला. आसपासच्या पाड्यांवरची माणसं तो रोज बघत असणार, हे लिहायला कुणाला सुचलं नाही.

म्हणून मला वाटतं, जुना संदर्भग्रंथ कालबाह्य झाला असं म्हणण्याआधी त्यातलं काय कालबाह्य झालं ते बघावं. ब्लॅनफर्डचं वर्गीकरण गेलं. गव्हाणी घुबडाला तो स्ट्रिक्स फ्लेमिया म्हणतो, आज ते नाव कुणी वापरत नाही. रानपिंगळा स्वतंत्र प्रजातीतला, म्हणजे हेटेरोग्लॉक्स, की साध्या पिंगळ्याच्या अथीनी प्रजातीतला, हा वाद ह्यूमपासून चालू होता. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी जनुकांवरून तो अथीनीत बसतो असं दाखवलं. नावं बदलतात, कुळं बदलतात, इंचांचे मिलिमीटर होतात. कुणी, कुठे, केव्हा पाहिलं हे तीन रकाने मात्र खरे भरलेले असतील तर त्यांना वय नसतं, आणि खोटे असतील तर नव्यातल्या नव्या आवृत्तीलाही ते कुजवतात. १८९५ चा ग्रंथ या एका बाबतीत नंतरच्या ऐंशी वर्षांतल्या लिखाणापेक्षा स्वच्छ होता, याचं श्रेय मी ब्लॅनफर्डच्या कोरडेपणाला देतो.

पुढची हकिगत आपल्या राज्यातली आहे आणि आनंदाची आहे, निदान अर्धी. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोदा-शहाद्याकडे या पक्ष्याचा अभ्यास केला: तो काय खातो, कुठल्या ढोलीत घरटं करतो, कसा ओरडतो. मेळघाटात तो चांगल्या संख्येने मिळाला. मध्य प्रदेशात खकनारला मिळाला. २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात दिसला, जिथे कुणी त्याची अपेक्षाच केली नव्हती. २०१८ मध्ये जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आला, कारण तो वाटला होता त्याहून जास्त ठिकाणी निघाला.

उरलेला अर्धा भाग जंगलाचा. ज्या तळोद्याच्या सागवनात डेव्हिडसन हिंडला, तिथली चार हजार हेक्टरांहून जास्त वनजमीन १९९० च्या दशकात सरदार सरोवराच्या विस्थापितांना देण्यात आली. यात विस्थापितांना दोष देणारे लोक मला भेटतात, तेव्हा राग येतो. ज्यांचं गाव धरणाने बुडवलं त्यांना जमीन कुठेतरी द्यायलाच हवी होती. ती जंगलातूनच का काढली, हा प्रश्न दुसऱ्या टेबलावर विचारायचा आहे. पण जुन्या ढोल्या असलेली मोठी झाडं गेली आणि रानपिंगळ्याला दुसरीकडे जावं लागलं, हेही तितकंच खरं. ढोली त्याला स्वतः करता येत नाही. दुसऱ्या पक्ष्याने कोरलेली किंवा झाडाच्या वयाने झालेली जागा लागते, आणि वीस वर्षांच्या सागाला ती नसते.

घुबडांबद्दलची हवा थोडी पालटते आहे, हेही नोंदवायला हवं. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला २०१८ मध्ये इला फाउंडेशनने घुबडांचा उत्सव भरवला. शाळेतल्या मुलांनी घुबडांची चित्रं काढली, मुखवटे घालून नाच केले. पिंगोरीसारख्या गावात घुबडाचं कौतुक म्हणून जत्रा भरते, ही गोष्ट माझ्या आजीला सांगितली असती तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

अनुवादाबद्दल थोडंसं. मापं मी मूळ इंचांतच ठेवली आहेत आणि टिपेत सेंटिमीटर दिले आहेत. प्रत्येक घुबडासाठी आज महाराष्ट्रात पक्षिमित्र जे नाव वापरतात ते वर दिलं आहे आणि ब्लॅनफर्डने दिलेली देशी नावं जशीच्या तशी खाली. त्यांतली काही कुठल्या भाषेतली हे माझ्या वाचकांपैकी कुणी ओळखू शकेल. ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीपातल्या जाती गाळलेल्या नाहीत, त्या मूळ मांडणीचा भाग आहेत. संदर्भांच्या आडव्या याद्या मात्र गाळल्या. छापायला महाग आणि वाचायला कठीण, असं दोन्ही. ज्याला त्या हव्या आहेत, त्याला मूळ ग्रंथ आता संगणकावर फुकट वाचता येतो. टिपांतलं जे ज्ञान आहे ते ज्यांनी कमावलं त्यांची नावं तिथे दिली आहेत. चुका निघतील त्या कळवा.

ग्रंथपालांना एक विनंती. निर्लेखनाला पुस्तकं काढताना वर्षांची गणती जरूर करा, नियम आहेत. पण प्राणी, पक्षी, वनस्पती, गॅझेटियर, पाणी आणि पाऊस यांवरची जुनी पुस्तकं ढिगात टाकण्याआधी जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाला, निसर्गमंडळाला विचारा. त्यांत तुमच्याच तालुक्याचं नाव कुठेतरी असेल आणि ते नाव दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात नसेल.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. प्रत्येक जातीच्या शेवटी एक पान कोरं सोडलं आहे, त्यावर तारीख, वेळ, गाव, झाड आणि पाहणाऱ्याचं नाव असे पाच रकाने आखले आहेत. घुबड दिसलं तर ते भरा. आवाजच ऐकला असेल तर ‘ऐकला’ लिहा, शेजाऱ्याने सांगितलं असेल तर शेजाऱ्याचं नाव लिहा, आणि घरट्याची जागा कळली तर ती कागदावर आणू नका, वनखात्याच्या माणसाला तोंडी सांगा. रानपिंगळ्याचं पान कोरंच राहिलं तर कोरं राहू द्या.